भुकेशी कट्टी नको!

बाईंचा तास

मुलांनो,

आज नेहमीसारखं गणिताचं कोडं नाही, शब्दांचा खेळ नाही. आज एका पत्राला उत्तर द्यायचं आहे. पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. 'नाव छापू नका' असं तिनं लिहिलंय, म्हणून मी गावही छापत नाही. ती लिहिते :

'ती. बाईंना सा. न. सातवीत असताना वर्गातली मुलं मला जाडी म्हणून चिडवायची. म्हणून आठवीत मी डबा खायचा सोडला. सुरुवातीला सगळे म्हणाले, छान दिसतेस. मग मला चक्कर यायला लागली, पाळी बंद झाली. नंतर सगळं उलटंच झालं. घरी कुणी नसलं की मी हाताला येईल ते खायची, अगदी पोट दुखेपर्यंत. मग रडायची आणि दुसऱ्या दिवशी परत काही खायचं नाही, असं ठरवायची. आईला कळल्यावर तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. आता उपचार चालू आहेत. मी पुष्कळ बरी आहे. पण माझं वजन वाढलंय. गणवेश घट्ट होतो. बाई, पुन्हा आजारी न पडता वजन कसं कमी करायचं? डॉक्टरांना विचारायची भीती वाटते.'

पत्र वाचलं आणि आधी तिचं कौतुक वाटलं. नुसतं 'वजन कसं कमी करू' असं तिनं विचारलेलं नाही. 'पुन्हा आजारी न पडता' हे चार शब्द तिनं आठवणीनं घातलेत. शहाणी पोर आहे!

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. डी.एड. झालेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई आहे. हिच्या उपचारांबद्दल हिचे डॉक्टरच बोलतील. पण जगभरातल्या डॉक्टरांनी या विषयावर जे अभ्यासून लिहून ठेवलंय, ते आपल्या भाषेत सांगणं हे तर बाईंचं कामच आहे, नाही का?

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं : आत्ता वजन कमी करायचं नाही. आत्ता वेळेवर जेवायचं. वजनाचं पुढचं पुढे, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

उत्तर आवडलं नाही ना? थांब, लगेच रुसू नकोस. असं का म्हणते ते सांगते. त्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट ऐक. बाकीच्यांनीही ऐका.

छत्तीस तरुणांची गोष्ट

१९४४ साल. दुसरं महायुद्ध चालू होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती. युद्ध संपल्यावर या माणसांना कसं आणि किती जेवायला घालायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग करायचं ठरवलं. त्यासाठी छत्तीस तरुण पुढे आले. कुणाला मारायचं नाही या तत्त्वापायी त्यांनी सैन्यात लढायला नकार दिला होता. पण लोकांच्या उपयोगी पडायची त्यांची इच्छा होती. शरीरानं आणि मनानं धडधाकट अशीच मुलं निवडून घेतलेली होती. त्यांची राहायची सोय कुठे होती, माहीत आहे? विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागृहाखालच्या खोल्यांमध्ये!

पहिले तीन महिने त्यांना पोटभर जेवण दिलं. पुढचे सहा महिने जेवण जवळपास निम्म्यावर आणलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, असलं साधं खाणं. शिवाय दर आठवड्याला बावीस मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर चालायचं.

मग काय झालं? मुलं वाळली, हे तर होणारच होतं. पण खरी गंमत – गंमत कसली, वाईटच ते – पुढेच आहे. त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायला लागली. जिने चढवेनात. मनमिळाऊ मुलं एकमेकांवर खेकसू लागली. हसणं, गप्पा, अभ्यास, सगळ्यातला रस गेला. डोक्यात दिवसभर एकच विषय : खाणं! ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती, ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. एकेक घास तासन्‌तास चघळत बसायची आणि शेवटी ताटली चाटायची.

पुढे जेवण वाढवलं. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण तसं झालं नाही. हवं तेवढं खायची मोकळीक मिळाल्यावर कितीतरी जण भराभरा खात सुटले. पोट तट्ट फुगलं तरी 'भूक गेलीच नाही' म्हणायचे. खाणं पुन्हा पूर्वीसारखं सहज व्हायला त्यांना कित्येक महिने लागले. हा सगळा अभ्यास १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापला गेला. आजही डॉक्टर तो वाचतात.

आता विचार करा. ही मुलं हावरट होती का? मनानं दुबळी होती का? मुळीच नाही. उपाशी ठेवल्यावर कुणाच्याही शरीराचं आणि मनाचं जे होतं, तेच त्यांचं झालं. म्हणून बाळ, घरी कुणी नसताना तू हाताला येईल ते खायचीस ना, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. तुझ्या शरीराला वाटलं, दुष्काळ पडलाय! दुष्काळात माणूस जसा वागतो, तसंच ते वागलं.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. आपण ती चेष्टेनं वापरतो. पण म्हण बनवणाऱ्यानं नेमकं काय हेरलं होतं बघा. पोटाला नाही म्हटलं, की ते दुप्पट मागतं.

पोटाचा आणि मेंदूचा टपाल-कारभार

हे असं का होतं? कारण पोट आणि मेंदू यांच्यात सारखी निरोपानिरोपी चालू असते. हे निरोप नेणारी रसायनं म्हणजे संप्रेरकं. विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द तुम्हाला भेटला असेल, नाहीतर भेटेल.

१९९४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना लेप्टिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते आपल्या अंगातल्या चरबीतून निघतं आणि मेंदूला सांगतं, 'कोठीत धान्य आहे, काळजी नको.' १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना घ्रेलिन सापडलं. ते मुख्यतः जठरातून निघतं आणि सांगतं, 'भूक लागली, खायला पाठवा!'

माणूस खाणं तोडतो आणि वजन उतरतं, तेव्हा लेप्टिनचा निरोप क्षीण होतो आणि घ्रेलिनची हाक मोठी होते. वर शरीर काटकसरही सुरू करतं. जसं पाणी कमी आलं की आई बादल्या मोजून वापरते, तसंच. म्हणजे आपण भुकेशी कट्टी केली, तरी भूक आपल्याशी कट्टी करत नाही. ती दार वाजवतच राहते.

मिनेसोटा विद्यापीठातलाच आणखी एक अभ्यास सांगते. १९९९ साली तिथल्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त मुलामुलींना प्रश्न विचारले आणि पाच वर्षांनी, २००४ साली, त्याच मुलांना पुन्हा गाठलं. २००६ मध्ये निष्कर्ष छापले. वजन कमी करायला जी मुलं 'डाएट' करत होती, तीच पाच वर्षांनी न करणाऱ्यांपेक्षा जास्त वजनाची निघाली! शिवाय अचानक खूप खाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. म्हणजे ज्या वाटेनं निघाले, ती वाट त्या गावाला जातच नव्हती.

हा आजार आहे, नाटक नव्हे

'खायला मिळतंय तरी खात नाही, ही कसली थेरं?' असं काही मोठी माणसं म्हणतात. पण हे खरेखुरे आजार आहेत आणि त्यांना नावंही आहेत. खाणं टाळत टाळत अंगाची पार काडी होणं आणि तरीही आपण जाड आहोत असं वाटणं, हा अॅनोरेक्सिया. लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३-७४ च्या सुमारास त्याला अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. भरमसाट खाणं आणि मग त्या भीतीनं खाल्लेलं कसंही करून 'फेडायची' धडपड करणं, हा बुलिमिया. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचं वर्णन केलं. आणि अशी फेडाफेड न करता वारंवार आवरता न येणारं खाणं होणं, याला 'बिंज ईटिंग' म्हणतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत तो स्वतंत्र आजार मानला जातो.

इंग्लंडची राजकन्या डायना हिनं १९९५ साली दूरदर्शनवरच्या मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता हे सगळ्या जगाला सांगितलं होतं. राजवाड्यात काय खायला कमी होतं? पण आजार वाडा आणि झोपडी बघत नाही. मुलगा-मुलगीही बघत नाही. बरं का मुलग्यांनो, 'सिक्स पॅक' हवेत म्हणून तुमच्यातलेही काही जण जेवण तोडतात आणि कसल्या कसल्या पावडरी खातात. आणखी एक. आजारी माणूस बारीकच दिसेल असंही नाही. वजन नेहमीएवढं किंवा जास्त असलं, तरी आतून आजार असू शकतो. या आजारांत रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो, हृदयाचे ठोके चुकतात. जिवावर बेततं. म्हणून इथे नाटक, थेरं हे शब्द वापरायचे नाहीत.

हे वय वाढण्याचं आहे

आता गणविशाबद्दल. अगं, आठवीत शिवलेला गणवेश नववीत घट्ट होणारच! त्यात रडण्यासारखं काय? शिंप्याकडे जा, उसवून सैल करून घे किंवा नवा शिव. गणवेश मुलीसाठी असतो, मुलगी गणविशासाठी नसते.

मुलींची उंची साधारण दहा ते चौदा या वर्षांत झपाट्यानं वाढते. मुलगे एक-दोन वर्षं मागून येतात. उंचीबरोबर वजनही वाढतं, वाढायलाच हवं. या वयात मुलींच्या कमरेभोवती, मांड्यांवर चरबी जमते, ती निसर्गाची योजना आहे. पाळी सुरू व्हायला आणि नियमित राहायला ती लागते. तुझी पाळी बंद झाली होती ना? घरात धान्य संपत आलं की आई सणासुदीचे बेत पुढे ढकलते. शरीरानं तेच केलं. हाडांचंही तसंच. आयुष्यभर पुरेल असा हाडांचा साठा बहुतेक सगळा अठरा-वीस वर्षांपर्यंतच भरायचा असतो. आणि आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा वेळी ताटातलं अन्न कमी करायचं की वाढवायचं, तुम्हीच सांगा.

आणि ते मोबाइलवरचं वजन-उंचीचं गणित! त्यात आकडे टाकले की 'तुम्ही जाड' असं उत्तर येतं. ते गणित मोठ्या माणसांसाठी असतं. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी असे तक्ते काढले आहेत. त्यावर एक ठिपका बघून डॉक्टर काही ठरवत नाहीत. मागच्या वर्षांचे ठिपके जोडून रेघ कशी चाललीय ते बघतात.

मग करायचं काय? घड्याळ लावायचं!

या आजारांतून बाहेर काढणारे तज्ज्ञ सगळ्यात आधी जे औषध देतात, ते बाटलीत मिळत नाही. ते म्हणजे वेळापत्रक. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. जागेपणी दोन खाण्यांत सहसा चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. भूक असो, नसो, वेळ झाली की खायचं. आजारात भुकेचं घड्याळ बिघडलेलं असतं, म्हणून काही दिवस भिंतीवरचं घड्याळ बघून जेवायचं.

शाळेच्या दिवसाचं वेळापत्रक असं असू शकतं :

सकाळी ७ वाजता – पोहे, उपीट किंवा दूध-पोळी.
१०।। वाजता, छोट्या सुट्टीत – केळं, नाहीतर शेंगदाणे आणि गूळ.
१।। वाजता – पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ, वरण-भात.
५ वाजता – राजगिऱ्याचा लाडू, थालीपीठ किंवा चुरमुऱ्याची भेळ.
रात्री ८।। वाजता – घरात सगळ्यांना असेल ते जेवण.

हा फक्त नमुना आहे. तुझं प्रमाण तुझे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तेच खरं. जो फार दिवस उपाशी राहिलाय त्याचं खाणं तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं लागतं.

या वेळापत्रकात तीन नियम आहेत. पहिला : एखाद्या दिवशी भरमसाट खाणं झालं, तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. इथेच सगळे घसरतात. 'काल खाल्लं, आज नको,' असं म्हटलं की चक्र पुन्हा सुरू. दुसरा : कुठलाही पदार्थ 'पापी' नाही. वाढदिवसाचा केक, दिवाळीची चकली, पुरणपोळी हे ताटात बसून, सगळ्यांबरोबर खायचं. लपून खाल्लेल्या एका चकलीनं जेवढं मन खातं, तेवढं उघड खाल्लेल्या चारांनी खात नाही. तिसरा : उपास बंद. श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र, काही नाही. आजारी माणसाला उपासातून सूट आपल्या आजीनंही दिली असती. 'उपास आहे' हे न जेवायचं निमित्त होऊ शकतं, हे आईबाबांनीही ध्यानात ठेवावं.

आणि वजन?

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. वजनाचा जिना असा आहे. पहिली पायरी, खाणं नियमित होणं. दुसरी, शरीर स्थिरावणं; म्हणजे नाडी, रक्त, पाळी, झोप सगळं जागेवर येणं, आणि जेवताना भीती न वाटणं. या दोन पायऱ्या चढायला महिने लागतात, काहींना त्याहूनही जास्त काळ. तोवर वजन थोडं वर-खाली होतं आणि मग पुष्कळदा आपोआप एका ठिकाणी टिकतं. तिसरी पायरी डॉक्टरांची. वजन खरंच कमी व्हायला हवं का, हे त्यांनी ठरवायचं. वाढत्या वयात अनेकदा ते म्हणतात, 'वजन आहे तिथेच राहू दे, उंची वाढेल तशी अंगलट नीट होईल.' काही मुलींना तर ते सांगतात, 'तुझं आत्ताचं वजनच तुझ्यासाठी योग्य आहे.' हेही ऐकायची तयारी ठेव.

आणि समजा डॉक्टरांनी बदल करायला सांगितलाच, तर तो कसा असतो? अगदी साधा. इतका साधा, की त्यावर कुणी जाहिरात करणार नाही. जेवण तोडायचं नाही. बाटलीतल्या गोड पेयांऐवजी बहुतेक वेळा पाणी, ताक, कोकम. पाकिटातल्या खाण्याऐवजी घरचं. ताटात भाजी, कोशिंबीर, उसळ थोडी जास्त. जेवताना टीव्ही, मोबाइल बंद. रात्री आठ ते दहा तास झोप, कारण अपुऱ्या झोपेनंही भूक बिघडते. आणि खेळ! पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, सायकल, नाच, काहीही. मात्र डॉक्टरांनी 'खेळ आता' म्हटल्यावरच. आणि खेळायचं ते मजेसाठी. खाल्ल्याची शिक्षा म्हणून पळत सुटणं हा खेळ नव्हे, ते आजाराचंच लक्षण आहे.

हे सगळं एकट्या मुलीनं करायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी करायचं. भावाला वडा आणि हिला काकडी, असा भेदभाव चालणार नाही!

घरातला वजनकाटा मात्र माळ्यावर जाऊ दे. वजन डॉक्टरांकडे करायचं, त्यांनी सांगितलं तेव्हाच. आणि पुन्हा जेवण चुकवावंसं वाटलं, घास मोजायला लागलीस, खाणं लपवावंसं वाटलं, तर समज, गाडी जुन्या रुळावर चाललीय. त्याच दिवशी आईला सांग.

राहिली डॉक्टरांची भीती. एक वाक्य देते, ते कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. बोलायची गरज नाही : 'डॉक्टर, माझं वजन वाढल्याची मला फार काळजी वाटते आणि त्यामुळे पुन्हा खाणं बंद करावंसं वाटतं.' ते रागावणार नाहीत. त्यांना नेमकं हेच कळायला हवं असतं.

वर्गातल्या बाकीच्यांना

तुम्हाला वाटत असेल, बाई आज एकीशीच बोलल्या. नाही हं! पत्राचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. 'वर्गातली मुलं मला जाडी म्हणून चिडवायची.' चिडवणारे विसरूनही गेले असतील. तिला औषधपाणी करावं लागलं. आजाराची कारणं पुष्कळ असतात, सगळा दोष चिडवण्याला देता येत नाही. पण आगीत काडी टाकली ती टाकलीच.

मी चौथीला शिकवते. चौथीतल्या मुलीसुद्धा 'बाई, मी जाड दिसते का?' असं विचारतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे येतं कुठून? ढोल्या, हत्ती, काडीपैलवान, सुकट, या नावांतून येतं. म्हणून आजपासून अंगावरून नाव नाही. मैत्रीण बारीक झाली तर 'छान दिसतेस' हेही नको. ती कशामुळे बारीक झाली, तुम्हाला काय ठाऊक? 'काल खो-खो छान खेळलीस' म्हणा. आणि डबा न खाणारी मैत्रीण दिसली, तर तिच्यासमोर आपला डबा उघडा आणि तिला हाक मारा. तेवढं पुरे. तरीही रोज तसंच दिसलं, तर एखाद्या बाईंच्या कानावर घाला. याला चहाडी म्हणत नाहीत.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचता, मला माहीत आहे. मूल सगळ्यांबरोबर जेवायचं टाळतंय, डबा तसाच परत येतोय, जेवल्यावर लगेच नाहीसं होतंय, सारखं आरशासमोर उभं आहे, चिडचिडं झालंय, खाऊ गुपचूप संपतोय, तर रागावू नका आणि वाटही बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ, दोघांना दाखवा. लवकर उपचार सुरू झाले, तर मुलं चांगली बरी होतात.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक उपचारपद्धत तयार झाली. तिच्यात सुरुवातीला मुलाच्या जेवणाची जबाबदारी आईवडिलांकडे देतात. त्यांना दोष देत नाहीत, त्यांची मदत घेतात. म्हणजे तुम्हीही औषधच आहात! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं, की मुलांना डाएट करायला लावू नका, घरात वजनावरून बोलू नका, आणि जमेल तेवढं एकत्र जेवा. मुलाच्या वजनावरून नाही आणि स्वतःच्याही वजनावरून नाही. 'शी, मी किती सुटलेय!' हे आईचं वाक्य मुलगी पाठ करते. पाढे पाठ होत नाहीत, हे मात्र लगेच होतं.

जवळपास डॉक्टर नसतील, तर केंद्र सरकारनं २०२२ साली सुरू केलेला 'टेलि-मानस' हा १४४१६ क्रमांकाचा मोफत दूरध्वनी आहे. मुलांना कसलीही अडचण असेल, तर १०९८ हा क्रमांक आहेच.

या आठवड्याचा उपक्रम

वहीच्या एका पानावर लिहा : 'आज माझ्या शरीरानं माझ्यासाठी केलेली पाच कामं'. कसं दिसतं ते लिहायचं नाही, काय काय केलं ते लिहायचं. पायांनी शाळेत नेलं, हातांनी चित्र काढलं, खरचटलेलं आपोआप भरून आलं, असं. आणि या आठवड्यात निदान चार वेळा घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. त्या वेळी अभ्यास, मार्क आणि वजन हे तीन विषय बंद! कोणाच्या घरी कशावर गप्पा झाल्या, ते मला पोस्टकार्डावर कळवा.

आणि माझ्या नववीतल्या मैत्रिणी, तुला वेगळं सांगते. भुकेशी बट्टी कर. ती तुझी शत्रू नव्हती, तुला जगवायलाच धडपडत होती. डॉक्टरांना चिठ्ठी दिलीस की मला दोन ओळी लिही. मी वाट बघतेय.

पुढच्या आठवड्यात कोडी आणि शब्दांचा खेळ, नक्की!

तुमच्या,
बाई